हातचा

काट्यांवर माझा भरवसा नाही.
डाव्या टाकीचा काटा सारखा थरथरतो,
उजवीचा वळण घेताना एकदम श्रीमंत होतो.
खरं ते एकदाच बोलतात, टाकी कोरडी पडल्यावर,
आणि तेव्हा ऐकायला कुणाला सवड नसते.

म्हणून मी शिडी लावते,
पंखावरचं झाकण फिरवते,
टॉर्च दातांत धरून लाकडी दांडी आत सोडते.
दांडीवर सुरीने कोरलेल्या खाचा आहेत.
ओल उडायच्या आत आकडा वाचायचा.
त्या संध्याकाळी दोन्ही टाक्या मिळून
एकशे पंच्याऐंशी लिटर.
खालच्या नळीतून पेलाभर काढलं,
दिव्यासमोर धरलं: निळं, नितळ,
तळाशी पाण्याचा थेंब नाही.
झाकण घट्ट. पुन्हा वर चढून पाहिलं, घट्ट.

प्रवासी एकच. उलिसेस बारिएन्तोस,
लोकरीचा व्यापारी, टोपी मांडीवर.
किनाऱ्यावरच्या इस्पितळात त्याची बहीण डेल्फिना
श्वास मोजत होती.
सव्वादोन तास, मी म्हटलं.
मीच म्हटलं.

पातागोनियात रात्री
खाली एक दिवा दिसला की तो एक माणूस असतो.
नंतर बराच वेळ कुणी नसतं.
वारा समोरून आला, पठारावरून थेट,
आणि घड्याळाचं नकाशाशी जमेनासं झालं.
जी नदी तासाभरात यायची
ती दीड तास झाला तरी आली नाही.

गुडघ्यावर वही. लाल दिवा.
एक तास चाळीस मिनिटं उडून झाली,
उरले अठ्ठ्याण्णव.
निम्मी वाट अजून बाकी.
तिला लागणार सत्त्याऐंशी.
अठ्ठ्याण्णवातून सत्त्याऐंशी गेले,
अकरा.

अकरा लिटर म्हणजे बारा-तेरा मिनिटं.
रात्रीचा हातचा पंचेचाळीस मिनिटांचा.
शाळेत हातचा विसरला
की बाई पाटीवर फुली मारायच्या.
इथे फुली जमिनीवर उमटते,
सकाळी कुणीतरी मेंढपाळ ती शोधतो.

मी उजवीकडे वळले.
काळोखात वळणं कळत नाही,
पण त्याला कळलं. चंद्र खिडकी बदलून बसला.
का, एवढंच त्याने विचारलं.
मी आकडे सांगितले.
आकडे त्याने आयुष्यभर केले होते,
तरी म्हणाला,
अकरा म्हणजे शून्य नव्हे.

पासो तोलारला एवारिस्तो प्यूने
रेडिओ ऐकून रॉकेलचे डबे पेटवले,
नऊ या बाजूला, आठ त्या बाजूला,
नववा वाऱ्याने विझवला.
टेकलो. चाकांखाली खडी वाजली.
बस, एवढंच. काहीही झालं नाही.
काहीही न होण्याची गोष्ट
कुणाला सांगणार?

तिथे पेट्रोलचं पिंप सकाळी येणार होतं.
एवारिस्तोने त्याला ट्रकमध्ये घातलं,
अडीचशे किलोमीटर, कच्चा रस्ता.
डेल्फिना सव्वाचारला गेली.
ट्रक सहाला पोचला.

आणि हेही लिहायला हवं:
रात्री अकराच्या सुमारास किनाऱ्याकडे
वारा पडला होता.
मला दुसऱ्या दिवशी कळलं.
पोचलोही असतो.
हे मी कुणापासून लपवत नाही,
स्वतःपासून तर नाहीच.
पण वारा पडेल, हा माझ्या टाकीतला आकडा नव्हता.

तीन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.
चौकात दिसलो की पलीकडे जायचा.
मी रागावले नाही. त्याच्या जागी मी
विमानालाच लाथ मारली असती.

गेल्या वसंतात तो धावपट्टीवर आला,
तीच टोपी. किनाऱ्यावर काम होतं,
आणि या बाजूला दुसरं विमान नाही.
अंधार पडत होता.
मी शिडी लावली, दांडी सोडली,
ओल वाळायच्या आत वाचलं
आणि का कोण जाणे, मोठ्याने म्हटलं:
एकशे नव्वद.

तो काही बोलला नाही.
खाली पाहिलं, तर शिडी त्याने
दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.